डब्यावरचे नाव आणि डब्यातले तेल

होळकरांच्या अमदानीत चांदवडला टांकसाळ होती आणि तेथे पडलेला चांदवडी रुपया पेठांतून चालत असे. त्या काळी निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. त्यामुळे सराफ नुसती छाप पाहून नाणे स्वीकारीत नसे. तो वजन करी, चांदीचा कस पाही आणि त्याप्रमाणे बट्टा आकारी. छाप निराळी आणि कस निराळा, एवढे व्यवहारज्ञान तेव्हाच्या सामान्य दुकानदारालाही होते. आज त्याच चांदवडवरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या दुकानांत मोटारींच्या इंजिन ऑइलचे डबे रचून ठेवलेले दिसतात. गिऱ्हाईक येते आणि ‘चांगले ऑइल कोणते?’ असे विचारते. दुकानदार एखादे नाव सांगतो, मिस्त्री दुसरे सुचवतो, जाहिरातीत पाहिलेले तिसरे आठवते, आणि अखेर किमतीकडे पाहून निर्णय होतो. छाप पाहिली जाते. कस कोणीच पाहत नाही.

हा विषय अग्रलेखाच्या पानावर आणण्याइतका महत्त्वाचा आहे काय, असे कोणास वाटेल. पण मोटार ही आता केवळ सधनांची चैन राहिलेली नाही. तालुक्याच्या गावी शिकवणारा शिक्षक, तहसील कचेरीतील वा बँकेतील कारकून हाही आता बँकेचे कर्ज काढून लहानशी मोटार घेतो आणि पाच-सात वर्षे पगारातून हप्ते फेडतो. हप्ते फिटण्यापूर्वीच इंजिन उघडण्याची पाळी आली, तर त्या कुटुंबाचे वर्षाचे अंदाजपत्रक कोसळते. इंजिनाचे आयुष्य ज्या थोड्या गोष्टींवर अवलंबून असते, त्यांत वंगणतेल अग्रभागी आहे. म्हणून हा प्रश्न यंत्रशास्त्राचा असला तरी तितकाच मध्यमवर्गीय संसाराचाही आहे.

इंजिनात धातूवर धातू फिरतो असे आपण म्हणतो. परंतु ते खरे नव्हे. फिरता दांडा आणि त्याचे बेअरिंग यांच्यात तेलाचा अतिशय पातळ थर असतो आणि दांडा त्या थरावर अक्षरशः तरंगत असतो. हा थर तुटला की झीज सुरू होते. याशिवाय तेल उष्णता वाहून नेते, ज्वलनातून निर्माण झालेली काजळी स्वतःमध्ये धरून ठेवते, गंज रोखते आणि पिस्टनच्या कड्यांपाशी वायूची गळती थोपवण्यास साहाय्य करते. तेल चार दिवसांत काळवंडले म्हणून ते निकृष्ट ठरवणे हा त्यामुळेच गैरसमज आहे. मळ धरून ठेवणारे तेल काळे होणारच. डिझेल इंजिनात तर ते फारच लवकर होते. दोन बोटांत तेल चोळून त्याची प्रत सांगणारे जाणकार गावोगावी असतात. पण बोटांना तेलाचा रंग व ओशटपणा कळतो, शंभर अंश उष्णतेवर ते कसे वागेल हे कळत नाही.

‘जितके दाट तितके चांगले’ हा दुसरा रूढ समज. तो निराधार नव्हता. अँबॅसेडर आणि पद्मिनी यांच्या काळी इंजिनाच्या भागांतील फटी आजच्या मानाने सैल असत आणि दाट तेल त्या इंजिनांना मानवत असे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढील चार दशकांत लहान मोटारीचे इंजिन पार पालटले. फटी बारीक झाल्या, तेलाच्या वाटा अरुंद झाल्या. पद्मिनीचे उत्पादन थांबले, २०१४ साली अँबॅसेडरचेही थांबले. परंतु त्या गाड्यांच्या काळी पडलेली सवय मात्र थांबली नाही. नव्या इंजिनात गरजेपेक्षा दाट तेल घातले म्हणजे ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते, इंधन अधिक जळते आणि ज्या रक्षणासाठी ते घातले तेच उणे पडते.

‘आपल्याकडे ऊन फार, म्हणून तेल दाट हवे’ असाही युक्तिवाद केला जातो. चांदवड परिसराचा उन्हाळा कडक आहे आणि राहूड घाटाचा चढ भरल्या गाडीची परीक्षा पाहतो, हे खरे. पण इंजिनाची उष्णता बाहेरच्या हवेवर तितकीशी अवलंबून नसते. थंडावा देणाऱ्या पाण्याचे तापमान नियंत्रक झडपेमुळे नव्वद अंशांच्या आसपास राखले जाते आणि तापलेल्या इंजिनातील तेल साधारण शंभर अंशांच्या घरात असते, मग गाडी नाशिकला असो वा श्रीनगरला. कारखान्याच्या पुस्तिकेत हवामानानुसार दोन-तीन प्रती दिलेल्या असतील, तर आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी त्यांतली दाट प्रत घेण्यास हरकत नाही. मात्र ही निवड त्या पुस्तिकेच्या आत राहूनच झाली पाहिजे.

तेव्हा तेलाचा कस पाहावा कसा? तो डब्यावरच लिहिलेला असतो; प्रश्न वाचण्याचा आहे. पहिली खूण श्यानतेची, म्हणजे दाटपणाची. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने १९११ सालापासून या प्रती ठरवल्या आणि आज त्या जगभर चालतात. ‘५डब्ल्यू-३०’ यातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे द्योतक आहे. त्यामागचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत अधिक प्रवाही. ५डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे तीस अंशांवर होते. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की वर्तमानपत्रांत बातमी होते, मग उणे तीसशी आपला संबंध काय, असे कोणी म्हणेल. परंतु जे तेल थंड असता सहज वाहते ते सकाळी किल्ली फिरवताच लवकर वर चढते, आणि तेल पोहोचण्यापूर्वीचे ते क्षण झिजेच्या दृष्टीने फार नाजूक असतात. उत्तरार्धातील आकडा तापलेल्या तेलाचा. शंभर अंशांवर ज्याची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान राहते ते ‘३०’, १२.५ ते १६.३ च्या दरम्यान राहते ते ‘४०’. सरकारी कंपनीचे सर्व्हो वा मॅक घ्या, नाहीतर कॅस्ट्रॉल वा शेल घ्या. डब्यावर ५डब्ल्यू-३० असेल तर या बाबतीत सर्वांना याच मर्यादांत राहावे लागते.

दुसरी खूण गुणवत्तेची, आणि दुकानात हीच सर्वाधिक दुर्लक्षिली जाते. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या वर्गीकरणात पेट्रोल इंजिनाच्या तेलांना ‘एस’ने सुरू होणारी दोन अक्षरे असतात. एसएन ही प्रत २०१० ची, एसपी २०२० ची आणि एसक्यू २०२५ ची. दुसरे अक्षर जितके पुढचे, तितकी परीक्षा अलीकडची व कठोर. टर्बो बसवलेल्या लहान पेट्रोल इंजिनांत कमी वेगावर अवेळी होणारा स्फोट पिस्टन फोडू शकतो. त्यापासून रक्षणाची कसोटी एसपी प्रतीत आहे, तशीच टायमिंगच्या साखळीच्या झिजेचीही आहे. डिझेल मोटारींची गोष्ट निराळी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि डिझेल मोटारींच्या धुरांड्यात काजळी अडवणारी गाळणी आली. तेलातील काही द्रव्ये जळून राख होते आणि ती या गाळणीत साचते. म्हणून अशा गाडीला कमी राखेचे तेल लागते. युरोपीय एसीईए वर्गीकरणात त्याच्या प्रती ‘सी’ अक्षराने दाखवतात. येथे स्वस्त पडले म्हणून ट्रकचे जुन्या धाटणीचे तेल ओतणारा गृहस्थ शे-दोनशे रुपये वाचवतो आणि महागडी गाळणी गमावण्याचा धोका पत्करतो.

तिसरा शब्द ‘सिंथेटिक’. हा शब्द ऐकताच गिऱ्हाईक दबते. वस्तुतः खनिज तेल अधिक शुद्ध करून, त्याच्या रेणूंची घडण बदलून बनवलेल्या तेलालाही आज सिंथेटिक म्हणतात. १९९९ साली अमेरिकेत दोन मोठ्या तेल कंपन्यांमध्ये याच शब्दावरून वाद झाला आणि तेथील जाहिरात नियामक मंडळाने अशा तेलाला सिंथेटिक म्हणण्यास मोकळीक दिली. याचा अर्थ ते तेल वाईट असा नव्हे. उष्णतेत ते अधिक टिकते, थंडीत अधिक वाहते. पण नुसत्या शब्दासाठी पैसे मोजू नयेत. पुस्तिकेला हवी असलेली प्रत व मानक ज्या खनिज वा अर्धसिंथेटिक तेलात मिळते, ते त्या गाडीला पुरेसे आहे. आणि ती प्रत सिंथेटिकमध्येच मिळत असेल, तर तेथे काटकसर करणे हा अविचार आहे.

काटकसरीचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. लहान मोटारीला साधारण तीन-साडेतीन लिटर तेल लागते. लिटरमागे दोनशे रुपयांचा फरक धरला तरी तीन लिटरला वर्षाकाठी सहाशे, म्हणजे महिन्याला पन्नास रुपये होतात. खरी काटकसर योग्य तेल वेळेवर बदलण्यात आहे. ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते’ अशा स्वरूपाची सूचना बहुतेक पुस्तिकांत असते. घर ते शाळा दोन-तीन किलोमीटर एवढीच गाडी चालवणाऱ्यास वाटते की, वर्षात तीन हजार किलोमीटरही झाले नाहीत, मग तेल कशाला बदलायचे? परंतु अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, तेलात उतरलेली वाफ व इंधन उडून जात नाही आणि तेल आतून खराब होत राहते. ही कमी वापराची गाडी यंत्रशास्त्राच्या दृष्टीने कठीण वापराची गाडी असते. मोटारीतून उरलेले तेल मोटारसायकलीत ओतणे हीदेखील अशीच खोटी बचत. मोटारसायकलीचा क्लच बहुधा त्याच तेलात बुडालेला असतो; मोटारीच्या तेलातील घर्षण कमी करणारी द्रव्ये त्याला घसरवतात.

एवढे सारे वाचून गिऱ्हाईक शहाणे झाले, तरी डब्यात खरोखर तेच तेल आहे याची हमी कोणी द्यायची? या टापूला भेसळीचे गांभीर्य नव्याने सांगायला नको. चांदवडजवळच्या मनमाडनजीक पानेवाडी येथे २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनाच्या भेसळीचा छडा लावताना जिवंत जाळण्यात आले. ते प्रकरण इंधनाचे होते, वंगणतेलाचे नव्हे. पण फसवणुकीतून मिळणारा पैसा कोणत्या थराला जातो, हे त्याने दाखवून दिले. वंगणतेलातील भेसळीविरुद्ध केंद्र सरकारने अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली १९८७ सालीच आदेश काढला. तथापि आदेश कागदावर असून भागत नाही; दुकानांतून नमुने नियमित घेतले गेले पाहिजेत आणि निष्कर्ष लोकांना कळले पाहिजेत. ग्राहकानेही आपल्यापुरते काही करावे: सीलबंद डबा डोळ्यांदेखत उघडून घ्यावा, पक्की पावती घ्यावी आणि रिकामा डबा भोके पाडूनच टाकावा, म्हणजे तो पुन्हा भरला जाणार नाही.

इंजिनातून काढलेल्या जळक्या तेलाचाही विचार झाला पाहिजे. ते गटारात वा बांधावर ओतले जाते. २०१६ च्या नियमांनी ते घातक कचऱ्यात मोडते आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवरही आली आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांनी तरी आपल्या विहिरींचे पाणी या तेलापासून जपले पाहिजे.

१९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम पुण्यात सुरू केले, तेव्हा ग्राहकाला वाचता आले पाहिजे हे त्या चळवळीचे एक मर्म होते. आज डब्यावर अक्षरे आहेत. पण ती इंग्रजी संक्षेपांत आहेत आणि त्यांचा अर्थ मराठीत सांगणारा कागद दुकानात नसतो. कंपन्यांनी तो द्यावा. गाडीसोबतची पुस्तिका, किमान तिचे देखभालीचे प्रकरण, मराठीत मिळावे. चांदवडला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी तेलाच्या प्रती लोकांना समजावून दिल्या, तर ते शिक्षण गावाच्या कामी येईल. तोवर गाडीच्या मालकाला एक गोष्ट निश्चित करता येण्याजोगी आहे. दुकानात जाण्यापूर्वी पुस्तिका उघडावी, तेलाची प्रत आणि मानक हे दोन्ही कागदावर उतरवून घ्यावेत आणि ‘चांगले ऑइल कोणते?’ असे न विचारता तो कागद दुकानदारापुढे ठेवावा. त्या दोन्ही खुणा जुळल्या, की मग नावाचा आणि किमतीचा विचार खुशाल करावा.