अंतर कोणाच्या उंबरठ्यापासून मोजायचे?

नांदेड ते हैदराबाद हे हवाई अंतर सुमारे २४५ किलोमीटर. ताशी पाचशे किलोमीटर वेगाच्या पंख्याच्या विमानास त्यासाठी अर्धा तास पुरतो. चढण्या-उतरण्याचा वेळ धरला तरी पाऊण तास. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी सिमल्याहून ‘उडान’ योजनेचा आरंभ केला, तेव्हा याही मार्गाला हिरवा झेंडा दाखविला गेला. हवाई चप्पल घालणारा माणूस विमानात दिसेल, अशी ग्वाही देण्यात आली.

पाऊण तासाचे हे गणित खोटे नाही. ते अपुरे आहे. विमानतळावर तासभर आधी हजर व्हावे लागते आणि शमशाबादला उतरल्यावर शहर गाठायचे राहतेच. शिवाय देगलूरच्या शेतमजुराचे काय? त्याचे गाव हैदराबादच्या रस्त्यावरच आहे. आजारी बापाला तेथील दवाखान्यात न्यायचे, तर विमानासाठी त्याने आधी उलट्या दिशेने सुमारे ऐंशी किलोमीटर नांदेडला यावे! तासाभराच्या उड्डाणास, तेही निम्म्या आसनांपुरती, अडीच हजार रुपयांची मर्यादा होती. अंतर निम्मे म्हणून भाडे निम्मे धरले, तरी रोजगार हमीच्या तेव्हाच्या २०१ रुपये मजुरीने ते सहा दिवसांचे श्रम होतात.

या योजनेत विमान कंपन्यांची तूट तीन वर्षे भरून दिली जाते. त्यातील मोठा भाग इतर विमानप्रवासावरील आकारातून येतो, हे मान्य. पण वीस टक्के वाटा राज्याच्या तिजोरीचा असतो. फलित काय? महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली. नांदेड-हैदराबाद मार्ग घेतलेल्या कंपनीची सर्वच उड्डाणे फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली.

त्याच महिन्यात एस.टी.चे कामगार शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी संपावर होते. १९४८ पासून धावणारी ही गाडी खेड्याच्या वेशीपर्यंत जाते. तिचा तोटा मात्र तिजोरीवरील ओझे ठरतो आणि विमान कंपनीची तूट विकासाचे धोरण ठरते. हा भेद अर्थशास्त्राचा नव्हे, अग्रक्रमाचा आहे.

विमानाला आमचा विरोध नाही. मराठवाड्याने मीटरगेज रेल्वेच्या रुंदीकरणासाठी वर्षानुवर्षे लढा दिला, तो वेगाला विरोध म्हणून नव्हे. आमचे म्हणणे इतकेच की अंतर धावपट्टीपासून नव्हे, माणसाच्या उंबरठ्यापासून मोजावे. नव्या विमानतळाची घोषणा होईल तेव्हा कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न विचारावेत: कोणत्या गावापासून, किती वेळात आणि किती दिवसांच्या मजुरीत? या उत्तरांशिवाय सार्वजनिक पैसा खर्ची पडता कामा नये.