आधी माती आणि सावली, मग इमारत

आदिलाबादमध्ये क्रीडा संकुल म्हटलं की शहरातलं इंदिरा प्रियदर्शिनी स्टेडियम आठवतं. पण बेला, जैनथ, भीमपूर मंडलांतल्या पोरांनी रोज तिथवर यायचं कसं? त्यांना मैदान गावातच हवं. 2 जून 2022 रोजी 'तेलंगणा क्रीडा प्रांगणम' योजना सुरू झाली, ती गावोगावी मैदानं करण्यासाठीच. आता त्यांना बांधकामाची जोड द्यायची असेल, तर आराखडा इथल्या मातीचा आणि उन्हाचा विचार करूनच काढला पाहिजे.

आपली जमीन काळी, कापसाची. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट कोबा केला तर तडे जाणारच. म्हणून काळी माती उकरून मुरूम थराथराने दाबावा, पाया कठीण थरापर्यंत न्यावा, भोवती पाण्याला वाट काढून द्यावी. हा खर्च उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही, म्हणून तिथेच काटकसर होते. ती करू नये.

उन्हाळ्यात इथे पारा 45 अंशांपर्यंत चढतो. अशा गावात चहूबाजूंनी बंद पत्र्याचा हॉल म्हणजे भट्टीच. छत उंच ठेवावं, गरम हवेला वरून वाट द्यावी, उत्तर-दक्षिण भिंतींना जाळ्या आणि रुंद ओसरी काढावी. मैदानांची लांबी उत्तर-दक्षिण आखली की सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन खेळाडूंच्या डोळ्यांवर येत नाही. पश्चिमेला कडुनिंब लावावेत.

जागेची सबब पटत नाही. खो-खोचं मैदान 27 बाय 16 मीटर, व्हॉलीबॉलचं 18 बाय 9, कबड्डीचं 13 बाय 10. तिन्ही मिळून साडेसातशे चौरस मीटरही होत नाहीत. एका एकरात चार हजारांहून जास्त चौरस मीटर असतात. भोवतालची मोकळी जागा सोडूनही मुलींसाठी स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली आणि वडीलधाऱ्यांना बसायला ओटा सहज बसतो. ओट्यावर माणसांची वर्दळ असली, संध्याकाळी दिवे असले, की आईबाप मुलींना निर्धास्तपणे पाठवतात.

अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 मध्ये सुरू झालं आणि 1936 मध्ये त्याचं पथक बर्लिन ऑलिंपिकमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. हे घडलं रोजच्या सरावातून. रोज वापरता येईल, तीच क्रीडावास्तू चांगली.

सरपंचांना आणि अभियंत्यांना माझी विनंती आहे: आराखडा मंजूर करण्याआधी तो ग्रामसभेत मांडा, आणि गावातल्या खेळणाऱ्या मुलींचं म्हणणं सर्वांत आधी ऐका.