किल्ली हरवलेली बाग

परगावच्या पाहुण्याला गाव दाखवण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. आधी देऊळ, मग किल्ला, आणि वेळ उरलाच तर बाजार. सोलापुरास गेलात तर तळ्यातले सिद्धेश्वराचे देऊळ, शेजारचा भुईकोट किल्ला आणि शेवटी चादरीचे दुकान, हा क्रम ब्रह्मदेवालाही चुकत नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. चादर मीही आणतो. पण मला स्वतःला परगावची एखादी लहानशी बाग पाहण्याचा नाद आहे.

मोठी बाग नव्हे. मोठी बाग पाहुण्यांसाठी असते. राणीच्या बागेत नि म्हातारीच्या बुटात अर्धा महाराष्ट्र जाऊन आला असेल. पण तिथे मुंबईकर भेटत नाही, मुंबईला आलेला पाहुणा भेटतो. गल्लीतली बाग ही गावाची ओसरी. घरात बोलता येत नाही ते माणूस तिथे येऊन बोलते, नाहीतर नुसते गप्प बसते. गावाची खरी ओळख अशा ठिकाणी होते.

गेल्या खेपेला व्याख्यानासाठी सोलापुरास गेलो, तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याने आग्रह धरला, "सर, आमचा कारखाना बघितल्याशिवाय जायचं नाही." कारखाना चिंचोळी एमआयडीसीत; म्हणजे शहराबाहेर, पुण्याच्या रस्त्यावर. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, आणि त्याच्या इंग्रजी नावाच्या चार आद्याक्षरांनी मराठीला एक नवे ग्रामनाम बहाल केले. आज गावोगावी 'एमआयडीसी' आहे. "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला "एमआयडीसीत आहे" एवढे उत्तर पुरते, पुढचे कोणी विचारत नाही.

आम्ही दारात पोहोचलो दुपारी अडीचला. विद्यार्थी कसल्याशा बैठकीत अडकलेला. पहारेकरी म्हणाला, "तासभर लागंल बघा सर. तवर तिकडं बागेत बसा की."

त्या उन्हात, ट्रकांच्या धुळीत बाग म्हटल्यावर मला हसूच आले. पण बाग होती. दोन कारखान्यांच्या भिंतींमध्ये उरलेला एक तिकोनी तुकडा. दोन कडुनिंब, एक गुलमोहर, कडेने कण्हेर. कण्हेरीची निवड करणारा माणूस जाणता असला पाहिजे. तिला पाणी बेताचे लागते आणि शेळी तिला तोंड लावत नाही. सोलापूरच्या पावसात याहून शहाणे झाड सापडणे कठीण! एक घसरगुंडीही होती. मूल मात्र औषधालासुद्धा नव्हते.

दारावर एक पाटी होती. बागेची वेळ सकाळी ६ ते ९ आणि सायंकाळी ५ ते ८. मी घड्याळ पाहिले. पावणेतीन होत होते आणि दार सताड उघडे होते. आत पंधरा-वीस माणसे निंबाच्या सावलीत बसलेली. कोणी डबा उघडला होता, कोणी चपला उशाशी घेऊन आडवा झाला होता.

माळीबुवांना सगळे 'मामा' म्हणत होते. वडील हातमागावर बसणारे, घरची भाषा तेलुगू, बायकोच्या माहेरची कानडी, आणि माझ्याशी मराठी. सोलापुरात हे सहज चालते. आम्ही एवढ्यावर परिसंवाद भरवतो! मी पाटीकडे बोट दाखवले. मामा म्हणाले, "वेळ झाली की कुलूप लावायचं, असा हुकूम हाय सर. पण काय करणार, किल्ली हरवलीय."

किल्ली त्यांच्या करगोट्याला लोंबत होती. ती मलाही दिसली आणि मला दिसली हे त्यांनाही दिसले. आम्ही दोघेही कण्हेरीकडे पाहू लागलो.

मग उलगडा झाला. तिथली पाळी लागते ७ला, ३ला आणि ११ला. पाटी लिहिणाऱ्याची बाग, ऑफिसातून परतून चहा पिऊन फिरायला निघणाऱ्या माणसाची होती. इथल्या माणसाला ती उघडी सापडायची तर त्याने कामावर असताना यायला हवे.

बाकाच्या टोकाला चाळिशीच्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, हात पिशवीवर. ना फोन, ना शेजारणीशी गप्पा. मी विचारले, "रोज येता?"

"येते की. बस पावणेतीनच्या आतच सोडते. पाळी तीनला."

"मग इथं काय करता?"

"काय न्हाई. बसते." मग जरा थांबून म्हणाल्या, "घरात सासूबाईंची, पोरांची. आत गेलं की कंपनीची. ही पंधरा मिंटं तेवढी माझी बघा, सर."

तीनच्या भोंग्याला त्या उठल्या, पदर खोचला आणि गेल्या. बाकावर दुसरे कोणी बसले.

१९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यावी, असे लिहून ठेवले. तो मोठाच आधार झाला. पण ती विश्रांती दाराच्या आतली. दाराबाहेरच्या पंधरा मिनिटांसाठी कोणताही कायदा सावली देत नाही. ती निंब देतो, आणि मामा. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार १९१४ साली भारतात आले, पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. दाट वस्तीत मोठे रस्ते फोडण्यापेक्षा जागोजागी लहान मोकळ्या जागा काढा, असे ते सांगत. इतकी वर्षे लोटली, तरी शहाणपण अजून ताजे आहे.

सोलापूरला तर हे वेगळे सांगायला नको. शहरात हुतात्मा बाग आहे. मे १९३० मध्ये या गावावर लष्करी कायदा लादला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले. चार नावांत सारे सोलापूर आले. त्यांच्या नावाच्या बागेत पोरे हुंदडतात, माणसे शेंगा खात बसतात, हे काहींना खटकते. मला नाही खटकत. "इथं का बसलास?" असे कोणी दरडावून विचारू नये, याचेही नाव स्वातंत्र्यच की!

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत परगावी जाल तेव्हा देऊळ पाहा, किल्ला पाहा, चादर घ्या. आणि घटकाभर तिथल्या एखाद्या लहानशा बागेत बसा. आणि आपल्यापैकी ज्यांच्या हाती बागांच्या पाट्या लिहिणे असेल, त्यांनी वेळ ठरवण्याआधी एकदा माळ्याला विचारावे. बाग कोणाला केव्हा लागते, हे त्याला ठाऊक असते. मग त्याला किल्ली हरवावी लागणार नाही.