विश्लेषण : क्रूझवर बाळासाठी स्ट्रोलर की कॅरियर? आधी दार मोजा, मग खरेदी करा

चाकणच्या कारखान्यात एखादा सुटा भाग केसभर मोठा निघाला तरी तो पुढे जात नाही. गेजवर बसला तर पास, नाहीतर बाजूला. याच पट्ट्यात काम करणारी तरुण जोडपी बाळासाठी स्ट्रोलर घेताना मात्र फोटो, रंग आणि सवलत पाहतात. मोजपट्टी कुणी काढत नाही. घरासमोरच्या जॉगिंग ट्रॅकसाठी ते एक वेळ चालून जाते. तीन रात्रींच्या मुंबई-गोवा क्रूझला निघाल्यावर मात्र ही चूक केबिनच्या दारातच उघडी पडते. खर्च वाया जातोच, शिवाय काही चुका थेट बाळाच्या सुरक्षेशी संबंधित असतात.

हा प्रश्न आताच का?

सप्टेंबर २०२१ मध्ये ‘कॉर्डेलिया क्रूझेस’चे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून धावू लागले आणि परदेशी न जाता क्रूझ करणे मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात आले. मुंबई बंदरात इंदिरा गोदीतील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. पिंपरी-चिंचवडहून मुंबई गाठायला साधारण तीन-चार तास लागतात, त्यामुळे शनिवार-रविवारला एखादी रजा जोडली की सहल होते. वाकड, रावेत, मोशीतील अनेक घरांत अशा सहलीला आजी-आजोबाही सोबत असतात आणि कडेवर एक-दीड वर्षाचे मूलही. बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला जहाजावर घेत नाहीत. लांबच्या महासागरी सफरींना ही अट बारा महिन्यांची असते. त्यामुळे प्रश्न मुख्यतः मान सावरलेल्या, पण लांब चालू न शकणाऱ्या मुलांचा आहे.

जहाजावर अडचण नेमकी कुठे येते?

अडचण दारात येते. साध्या केबिनचे दार अनेक जहाजांवर जेमतेम २२-२३ इंच रुंद असते. मोठ्या चाकांचा, कार सीट बसवता येणारा स्ट्रोलर बहुतेकदा तेवढाच किंवा त्याहून रुंद असतो. जुळ्यांचा शेजारी-शेजारी आसनांचा स्ट्रोलर तर ३० इंचांच्या आसपास जातो. तो दारातून आत येणे शक्यच नाही.

दारातून आत आले तरी ठेवायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. ‘एम्प्रेस’ १९९० मध्ये बांधलेले जहाज आहे. त्या पिढीच्या जहाजांवरील स्वस्तातल्या केबिन आपल्याकडच्या वन बीएचकेच्या बेडरूमपेक्षाही लहान असतात. पलंग, बॅगा आणि बाळाचा पाळणा मांडल्यावर उरते ती फक्त चालण्यापुरती जागा. ‘राहू दे बाहेर, कॉरिडॉरमध्ये’ ही सोसायटीतली सवय इथे चालत नाही. आणीबाणीत शेकडो माणसे त्याच अरुंद वाटेने बाहेर पडणार असतात, म्हणून ती मोकळी ठेवावी लागते. अशा वेळी लिफ्ट वापरायची नसते, जिन्यानेच जायचे असते. त्या क्षणी स्ट्रोलर तिथेच सोडून बाळाला उचलायचे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आधीच सांगून ठेवावे.

मग कोणता स्ट्रोलर न्यावा?

घडी होणाऱ्या हलक्या स्ट्रोलरचा जन्मच प्रवासाच्या अडचणीतून झाला. ओवेन मॅक्लारेन हे ब्रिटिश विमान-अभियंता. ‘स्पिटफायर’ या लढाऊ विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्यांनी काम केले होते. नातवंडाला घेऊन आलेल्या मुलीची अवजड बाबागाडीमुळे होणारी ओढाताण त्यांनी पाहिली आणि १९६५ मध्ये अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. वजन तीन किलोच्याही आत. विमानाची चाके कमीत कमी जागेत दुमडायची कला त्यांनी बाबागाडीत आणली.

क्रूझसाठी निकषही तेच आहेत. उघडलेल्या गाडीची रुंदी २० इंचांच्या आत हवी, वजन सहा-सात किलोपर्यंत हवे, आणि एका हातात बाळ असताना दुसऱ्या हाताने घडी करता यायला हवी. ही चाचणी दुकानातच करावी, विक्रेत्याने करून दाखवली म्हणजे झाली असे नाही. घडी केल्यावर ती पलंगाखाली किंवा कपाटाच्या बाजूला मावेल का, यासाठी केबिनचे माप कंपनीला आधीच विचारावे. विचारायला पैसे लागत नाहीत.

पट्टा पाच ठिकाणी अडकणारा हवा: दोन खांदे, दोन बाजूंनी कंबर आणि पायांच्या मधून. जहाज हलते, त्यामुळे ब्रेक मागच्या दोन्ही चाकांना लागला पाहिजे. तरीही डेकवर हात सोडून उभे राहू नये. बिजागरी झाकलेली आहे का, तेही पाहावे. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे १० लाख घडीचे स्ट्रोलर परत मागवावे लागले होते. बिजागरीत सापडून १२ मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या नोंदी त्यामागे होत्या. घडी करताना किंवा उघडताना मूल हातभर लांब असावे.

उन्हापासून बचाव म्हणून स्ट्रोलरवर दुपट्टा किंवा चादर टाकण्याची सवय मात्र सोडावी. आतली हवा खेळती राहत नाही, उष्णता झपाट्याने वाढते आणि बाळ दिसतही नाही. गोव्याच्या दमट दुपारी हे धोक्याचे आहे. छत असलेली गाडी घ्यावी आणि सावली शोधावी.

कॅरियर केव्हा उपयोगी पडतो?

टर्मिनलची रांग, जहाजावर चढण्याचा उतार, जिने, जेवणाच्या हॉलमधली गर्दी, गोव्यातल्या देवळाच्या पायऱ्या आणि समुद्रकिनाऱ्याची वाळू. या सगळ्या ठिकाणी चाके हरतात आणि कॅरियर जिंकतो. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. लुगड्याच्या झोळीत मूल बांधून शेतावर जाणाऱ्या बायकांना ती माहीत होती. आता त्याच कल्पनेला बकल आणि गादी लागली आहे.

पण बांधण्याची रीत चुकली तर तीच वस्तू घातक ठरते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये कापडी झोळीबाबत इशारा दिला होता. आधीच्या २० वर्षांत किमान १४ बालमृत्यू अशा झोळ्यांशी जोडले गेले होते आणि त्यातील १२ बाळे चार महिन्यांपेक्षा लहान होती. कारण सरळ आहे. लहान बाळाची हनुवटी छातीला टेकली की श्वासमार्ग दबतो आणि ते रडूही शकत नाही.

म्हणून नियम साधे ठेवावेत. बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे. मान वाकवली की त्याच्या कपाळाचा पापा घेता येईल इतके ते वर असावे. हनुवटी आणि छाती यांत बोटभर अंतर हवे आणि पाठीला आधार हवा. पाय लोंबकळता कामा नयेत. मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार मिळून गुडघे कुल्ल्यांपेक्षा किंचित वर राहिले, तर खुब्याच्या सांध्यावर ताण येत नाही. अरुंद पट्टीवर मूल नुसते टांगले जाते, अशा ‘कांगारू बॅग’ स्वस्तात मिळतात, त्या टाळाव्यात. कॅरियर आईबरोबर बाबा आणि आजोबांच्या मापालाही सैल-घट्ट करता आला पाहिजे. तीन दिवस एकाच पाठीने ओझे वाहू नये, आणि सिझेरियनला फार दिवस झाले नसतील तर आईने तर नाहीच.

आजीचा उत्साह एका ठिकाणी मात्र आवरावा लागेल. केबिनमधल्या हुकाला किंवा नळीला साडीची झोळी बांधू नये. ती जोडणी वजन पेलण्यासाठी नसते आणि जहाजाला हेलकावे असतात. बाळाला रात्रभर स्ट्रोलरमध्ये किंवा कॅरियरमध्ये झोपवणेही योग्य नाही. तिकीट काढतानाच पाळण्याची मागणी नोंदवावी.

छोट्या बोटीतून उतरताना काय करावे?

मुंबई-गोवा मार्गावर पूर्वी ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’सारख्या बोटी चालत. अनेक बंदरांत बोट दूर उभी राही आणि कडेवर पोर घेऊन माणसे पडावात उतरत. लक्षद्वीपला आजही तसेच होते. बेटाभोवतीच्या उथळ पाण्यात मोठे जहाज जात नाही, छोट्या बोटीने जावे लागते. इथे मूल स्ट्रोलरमध्ये बांधलेले असता कामा नये. गाडी घडी करून कर्मचाऱ्याच्या हाती द्यावी, नाहीतर जहाजावरच ठेवावी. पुढे वाळूच आहे.

कॅरियरवरून लाइफ जॅकेट चढवणे हीसुद्धा चूक आहे. मोठ्या माणसाचे जॅकेट दोघांना तारण्यासाठी बनलेले नसते आणि बाळाचा चेहरा त्यात दबू शकतो. जॅकेट घालायला सांगितले, की बाळाला कॅरियरमधून बाहेर काढून त्याचे स्वतःचे जॅकेट घालावे. सागरी सुरक्षेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार २४ तास किंवा त्याहून अधिक काळाच्या प्रवासात प्रवासी जहाजावर प्रत्येक बाळासाठी त्याच्या मापाचे जॅकेट असणे बंधनकारक आहे. जहाजावर पाऊल ठेवताच ते मागून घ्यावे. यात संकोच कसला?

सर्वाधिक जोखीम कोणत्या टप्प्यात?

पालकांना भीती वाटते ती समुद्राची. बाळासाठी अधिक जोखमीचा टप्पा किवळ्याला सुरू होतो आणि कळंबोलीला संपतो. तो म्हणजे ९४.५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग. कॅरियरमध्ये बांधलेले किंवा मांडीवर घेतलेले मूल धावत्या मोटारीत सुरक्षित नसते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर नऊ किलोचे बाळ सुमारे सव्वाशे किलोच्या जोराने पुढे फेकले जाते. ते हातांनी धरून ठेवणे कुणालाही शक्य नाही.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा बालआसनाशिवाय नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. ज्या पट्ट्यात देशाच्या मोटारी बनतात, तिथल्याच घरांत बालआसन ‘नंतर बघू’च्या यादीत पडते. स्ट्रोलर चार लोकांना दिसतो, बालआसन कुणाला दिसत नाही.

मग खर्च कशावर करावा?

क्रम स्पष्ट आहे. पहिला पैसा मोटारीतल्या बालआसनाला. एआयएस ०७२ हे भारतीय किंवा आर १२९ हे युरोपीय मानक पाहून. बाळ सव्वा वर्षाचे होईपर्यंत तरी आसन मागे तोंड करून बसवावे. दुसरा पैसा चांगल्या कॅरियरला, कारण तो सहलीनंतरही रोज कामाला येतो. तिसरा आणि सर्वांत कमी पैसा घडीच्या स्ट्रोलरला. तो तर शेजाऱ्यांकडून तीन दिवसांसाठी मागून आणला तरी चालेल. फक्त ब्रेक, पट्टा आणि बिजागरी तपासून घ्यावी.

मोठ्या चाकांची महागडी गाडी आधीच घरात असेल, तर ती घरीच शोभते. उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि पदपथावर चढलेल्या दुचाकी यांतून वाट काढायला तिचीच चाके लागतात. छोट्या चाकांचा स्ट्रोलर जहाजाच्या गालिच्यावर सहज पळतो आणि चाकणच्या रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात अडकतो. दोन्हीकडे चालणारी एकच गाडी शोधण्यात हजारो रुपये जातात.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात घरच्या दारात दोन खुर्च्या २२ इंचांवर मांडून त्यातून स्ट्रोलर नेऊन पाहावा. कॅरियर बांधून दोन मजले चढून-उतरून यावे. कारखान्यात यालाच ट्रायल म्हणतात. ट्रायलशिवाय तिथे कुठलीही लाइन सुरू होत नाही, आणि इथे तर प्रश्न घरच्या बाळाचा आहे.