मजुरी पाडली कोणी?

चेन्नईहून पूर्व किनाऱ्याच्या रस्त्यानं मुट्टुकाडूची खाडी ओलांडली की कोवलम येतं. मूळचं कोळ्यांचं गाव. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना रिसॉर्ट, हॉटेलं आणि बांधकामं. परांचीवर, स्वयंपाकघरात आणि टेबलं पुसायला जी माणसं दिसतात ती बहुतेक ओडिशा, बिहार, झारखंड, बंगाल, आसामची. तमिळ बोलण्यात त्यांना सरसकट ‘वडक्कन’, म्हणजे उत्तरेकडचे, म्हणतात, आणि हल्ली या शब्दाला शिवीची धार आली आहे. हे लोक आमचं काम घेतात, मजुरी पाडतात, भाषा बुडवतात, गुन्हे वाढवतात, असा आरोप आहे. आपल्याला तो ऐकल्यासारखा वाटतो, कारण मुंबईत १९६६ पासून तो आपण मराठीत करत आलो आहोत.

आरोप गुन्हे वाढवण्याचा आहे, पण गाजली ती या मजुरांवरच्याच हल्ल्यांची अफवा. मार्च २०२३ मध्ये तमिळनाडूत बिहारी मजुरांच्या कत्तली होत असल्याच्या चित्रफिती मोबाइलवर फिरल्या आणि तिरुप्पूर-कोइम्बतूरकडचे मजूर घाबरून गावी निघाले. पोलीस महासंचालकांनी खुलासा केला की फिरणाऱ्या दोन चित्रफितींपैकी एक तिरुप्पूरमधल्या बिहारी मजुरांच्याच दोन गटांतल्या मारामारीची आहे आणि दुसरी कोइम्बतूरच्या स्थानिकांच्या भांडणाची. बिहार सरकारनं अधिकाऱ्यांचं पथक पाठवलं, त्यांनीही खात्री करून घेतली. पण अफवा खोटी ठरली म्हणून द्वेषही खोटा ठरत नाही. त्याच्या सुमारे महिनाभर आधी रेल्वेच्या डब्यात उत्तरेकडच्या प्रवाशांना मारहाण झाल्याची चित्रफीत खरी होती आणि तमिळनाडूच्या पोलिसांनी त्यात कारवाईही केली. इतकी मोठी अफवा लोकांनी क्षणात खरी मानली, कारण ‘असं होऊ शकतं’ असं मजुरांना आधीपासून वाटत होतं.

काम घेण्याचा आरोप आकड्यांपुढे टिकत नाही. तमिळनाडूच्या श्रम खात्यानं २०१५-१६ मध्ये करवून घेतलेल्या पाहणीत राज्यात सुमारे १० लाख ६७ हजार परप्रांतीय कामगार आढळले. त्यांतले जवळजवळ २१ टक्के एकट्या कांचीपुरम जिल्ह्यात होते आणि कोवलम तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. हे लोक आले तेव्हा इथला तरुण बिगारीच्या रांगेत उभा नव्हता. तो कॉलेजात गेला होता. २०२१-२२ मध्ये तमिळनाडूत उच्च शिक्षणातल्या पटनोंदणीचं प्रमाण ४७ टक्के होतं, देशाचं २८. शिवाय २०१९-२१ च्या पाहणीत इथला जननदर १.८ वर उतरला होता, बिहारचा ३ होता. शिकलेल्या आणि लहान होत चाललेल्या कुटुंबांच्या राज्याला हात बाहेरून आणावे लागतात. यात कोणाचाही दोष नाही, उलट तमिळनाडूला अभिमान वाटावा असं यात पुष्कळ आहे.

मजुरीचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकणारे उदारमतवादी लोक मला अप्रामाणिक वाटतात. स्थानिक गवंडी जो रोज मागतो त्याहून कमी रोजावर बाहेरचा राबतो, तेव्हा स्थानिकाची मागणी पडते, हे त्याच्या पोटाला कळतं. त्याला अर्थशास्त्र शिकवू नये. विचारावं एवढंच, की हा दर ठरवला कोणी?

१९७९ साली संसदेनं आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा केला. पाच किंवा अधिक परप्रांतीय कामगार आणणाऱ्या ठेकेदारानं परवाना घ्यावा, त्याच कामाला स्थानिकापेक्षा कमी मजुरी देऊ नये, वर एका महिन्याच्या मजुरीच्या निम्मा विस्थापन भत्ता आणि जाण्यायेण्याचा खर्च द्यावा, असं त्यात लिहिलं होतं. हे पाळलं गेलं असतं तर परप्रांतीय मजूर स्थानिकापेक्षा महाग पडला असता आणि ठेकेदारानं आधी गावातला माणूस शोधला असता. कायदा पाळला गेला नाही, म्हणून तो स्वस्त झाला. गावाकडे उचल घेतलेली, इथली भाषा येत नाही, पत्र्याच्या खोलीत ठेकेदाराच्याच मर्जीनं राहायचं; असा माणूस घासाघीस कशी करणार? २८ जून २०१४ रोजी चेन्नईच्या मौलिवाक्कममध्ये बांधकाम चालू असलेली अकरा मजली इमारत कोसळून ६१ जण मेले, त्यांत आंध्र आणि ओडिशातून आलेले मजूर मोठ्या संख्येनं होते. मजुरी पाडणारा तो आणि ढिगाऱ्याखाली जाणाराही तोच, हे कसं?

कोवलमच्या कोळ्याचं दुःख आणखी वेगळं आहे. होड्या ओढायला, जाळी वाळवायला लागणारी जागा वर्षागणिक आकसते. इथे काही लोक इतिहास काढतात. परदेशी कंपन्या इथे येऊन गेल्या, फ्रेंचांकडचा किल्ला क्लाइव्हनं १७५२ मध्ये घेतला, गावात दर्गा आहे, जुनं चर्च आहे, तेव्हा सगळेच बाहेरून आलेले, असं म्हणतात. हा युक्तिवाद लंगडा आहे. ज्याच्या दारासमोरचा किनारा आज जातो आहे, त्याला १७५२ ऐकवून काय मिळणार? त्याचा हक्क मान्य करूनच सांगायला हवं की जमीन विकत घेणारा आणि कुंपण घालणारा आसामहून आलेला वेटर नाही. त्याला तर त्या कुंपणाआत राहायला धड खोलीही नाही.

भाषेची भीतीही खोटी नाही. हिंदीच्या सक्तीविरुद्ध तमिळ लोक १९३७ पासून लढत आले आहेत आणि ती लढाई न्याय्य आहे. पण ती सरकारशी आहे. आपल्याकडे पाहा. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा आदेश एप्रिल २०२५ मध्ये निघाला, लोक उठले आणि २९ जूनला सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्याच सुमारास मीरा रोडला एका दुकानदाराला मराठी बोलला नाही म्हणून थपडा मारल्या गेल्या. आदेश मागे गेला तो विरोधामुळे; त्या थपडांनी मराठीच्या पदरात काय टाकलं? कोवलमच्या बांधकामावरच्या संथाळी किंवा ओडिया मजुराची मायबोलीही हिंदी नसते. मुक्कामाला आलेल्या राज्यात तीही त्याला धडपडत बोलावी लागते.

आपण मराठी माणसांनी या प्रश्नात तटस्थ पंच म्हणून बसू नये. ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ ही घोषणा आपल्या शहरात दिली गेली आणि तिच्या निशाण्यावर याच तमिळनाडूतून आलेले कारकून आणि इडलीवाले होते. त्या घोषणेनं गिरणी वाचली नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले, आणि तेव्हा आमची पुंगी मुकी होती. दुसरीकडे खानापूर-आटपाडीचे दुष्काळानं बाहेर काढलेले गलाई कारागीर देशभरातल्या सराफ बाजारांत सोनं गाळून पोट भरत होते, दक्षिणेतही. रत्नागिरीच्या मासेमारी बोटींवर आज नेपाळी खलाशी नसतील तर बोट बंदरातून निघत नाही. जाणारेही आपणच आणि ठेवून घेणारेही आपणच.

म्हणून मला हवं आहे ते नुसतं सहिष्णुतेचं आवाहन नाही. पंचायतीनं आणि श्रम खात्यानं कोवलमच्या प्रत्येक बांधकामावर ठेकेदाराचा परवाना आणि मजुरीची नोंदवही मागावी. समान कामाला समान रोज मिळतो की नाही हे स्थानिक गवंड्यांच्या संघटनेनंच तपासावं आणि ओडिया गवंड्याला आपल्या संघटनेचं सभासद करून घ्यावं. त्याचा रोज वाढेल तेव्हाच यांचा टिकेल. आणि मुलं. आपल्याकडे ऊसतोडणीच्या फडांवर साखरशाळा झाल्या, ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा भरल्या. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यानं २०१७ पासून ‘रोशनी’ नावानं परप्रांतीय मजुरांच्या मुलांना त्यांच्या भाषेचा आधार देत मलयाळममध्ये आणलं. तमिळ वाचवायची असेल तर कोवलमच्या वाळूत खेळणाऱ्या ओडिया मुलीला गावातल्या तमिळ शाळेत बसवा, आणि तिची आई कामावर असताना तिला तिथवर घेऊन जाणारं माणूस नेमा.