बेट राखणारे हात

पावसाळ्यात भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पर्यटकांची झुंबड उडते. त्याच रस्त्याने पुढे गेले की 'आयएनएस शिवाजी' लागते. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरू झालेल्या या संस्थेत नौदलाचे सागरी अभियंते आणि तंत्रज्ञ घडतात. सह्याद्रीच्या माथ्यावर शिकलेले हे तरुण पुढे युद्धनौकांवर आणि दूरच्या तळांवर रुजू होतात. लोणावळ्याला येणाऱ्या किती जणांना याची जाणीव असते?

छोट्या बेटावरील अभियंत्याचे आयुष्य सोपे नसते. डिझेल जहाजाने येते, यंत्राचा सुटा भागही जहाजानेच येतो. समुद्र खवळला की दोन्ही थांबतात. खारा वारा लोखंड खात असतो. जनित्र बंद पडले तर दवाखान्यातील लस आणि पाण्याचा पंप, दोन्ही संकटात सापडतात. शेजारच्या गावातून मिस्त्री बोलावण्याची सोय नाही. लक्षद्वीपमधील कवरत्ती येथे २००५ मध्ये समुद्राच्या पाण्यापासून रोज एक लाख लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प उभा राहिला. त्याच्या उद्घाटनाची वार्ता झाली. तो रोज चालता ठेवणाऱ्याची होत नाही.

शिवछत्रपतींनी १६७९ मध्ये इंग्रजांचा विरोध मोडून खांदेरी बेटावर दुर्ग उभारला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहावे, गडावरील पाणी जपावे, अशी ताकीद आहे. बांधण्याइतकेच राखणेही राज्यकर्तव्य आहे, हे आपल्या पूर्वजांना पुरते ठाऊक होते.

आपण मात्र उभारणीचा सोहळा करतो आणि निगराणी विसरतो. मालवणच्या राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला महाराजांचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. २०२५ मध्ये तेथे नवा पुतळा उभा राहिला. पण त्या दिवसाची वेदना प्रत्येक शिवभक्ताच्या मनात आहे. सागराजवळ केवळ भक्ती पुरत नाही, तिला कारागिरीची जोड लागते.

ग्रेट निकोबारवर २०१२ मध्ये 'आयएनएस बाज', मिनिकॉयवर २०२४ मध्ये 'आयएनएस जटायू' हे तळ कार्यान्वित झाले. २०२४ मध्येच पोर्ट ब्लेअरचे श्रीविजयपुरम झाले. हे सारे अभिमानास्पदच आहे. परंतु बेटावर आपला ध्वज फडकत राहतो तो तेथील दिवा रोज लावणाऱ्याच्या बळावर.

मावळातील शाळांनी येत्या ४ डिसेंबरला, नौदल दिनी, अशा एखाद्या निवृत्त अभियंत्याला आवर्जून बोलवावे. पान्हा धरणारा हातही देश राखतो, हे मुलांना त्याच्याच तोंडून कळू द्यावे.