अधांतरी पेन्सिल
दिवाळीतले भुईचक्र फार तर अर्धा मिनिट नाचते आणि पोरांचे चेहरे पडतात. म्हणून यंदा असे एक चक्र सांगतो, की ज्याला दारू नको, काडी नको. चिमटीने गरकन् फिरवून सोडले की बघणाराच आधी कंटाळावा!

साहित्य घरचेच. झिजलेल्या रबरी चपलेचा तुकडा, टोक काढलेली पेन्सिल, निकामी सीडी आणि मध्ये भोक असलेले सहा काळे लोहचुंबक. पुण्याच्या ‘आयुका’तील मुलांच्या विज्ञानकेंद्रात राहून अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंची जी खेळणी घरोघर पोचवली, त्यांतलेच हे एक.

आधी सहाही चुंबक एकावर एक चिकटू द्यावेत. मग वरून एकेक काढून प्रत्येकाच्या वरच्या अंगाला चुन्याचा ठिपका लावावा. चपलेला चिरा पाडून चार चुंबक दोन-दोनच्या जोड्यांनी उभे खोचावेत आणि एका टोकाला सीडीची भिंत करावी. उरलेले दोन, कागदाची पट्टी गुंडाळून, जोड्यांमधल्या अंतराइतक्याच अंतरावर पेन्सिलीवर घट्ट बसवावेत. सहाही ठिपके भिंतीकडे हवेत. पेन्सिलीवरचे चुंबक मात्र खालच्यांपेक्षा तांदळाच्या दाण्याएवढे भिंतीकडे सरकलेले असू द्या, म्हणजे टोक भिंतीवर आपसूक रेटले जाते.

भिंत कशाला, असे पोरे विचारतीलच. स्थिर चुंबकांच्या नुसत्या जोरावर दुसरा चुंबक अधांतरी स्थिर राहत नाही. तो कुठल्या तरी बाजूला निसटतोच. अर्नशॉ नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने १८४२ साली हे गणिताने दाखवले. म्हणून एका टोकाचा टेकू घ्यावा लागतो. घर्षण उरते ते तेवढ्या टोकापुरते, आणि हवेचे.

एक मात्र बजावून सांगतो. निओडिमियमचे चकचकीत मणी लहानग्यांच्या हाती देऊ नका. दोन मणी पोटात गेले तर आतड्याची वेटोळी मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडते. तशी नुसती शंका आली तरी तडक इस्पितळ गाठावे.

आमच्या आळीतल्या एका पेन्शनर स्नेह्यांपुढे मी हे खेळणे मुद्दाम मांडले. ‘चुंबकावर अखंड फिरून फुकट वीज देणारे यंत्र’ विकणारा कोणी त्यांना भेटला होता आणि पेन्शनीतून साठलेले पैसे त्यात घालायचे त्यांनी ठरवले होते. मी पेन्सिल फिरवली. ती फिरली, मंदावली, थांबली. पण अधांतरीच राहिली!

“चुंबकाचा जोर तर संपला नाही, मग थांबली का?” त्यांनी विचारले.

म्हटले, “आबा, खुंटी टोपी धरून ठेवते, म्हणून तिला भाकरी लागते का? चुंबकही पेन्सिल नुसती धरतो. फिरवली ती माझ्या बोटांनी. तेवढा जोर टोकाने आणि हवेने खाल्ला. त्यातून दिवा लावायला गेलात, तर आणखी लवकर थांबेल.”

ते बराच वेळ पेन्सिल फिरवीत बसले. पुस्तकी गोष्टी त्यांना पटत नाहीत. डोळ्यांदेखत थांबलेली वस्तू पटते. दुसऱ्या दिवशी आगाऊ रकमेसाठी त्या गृहस्थाचा माणूस आला, तो रिकाम्या हातांनी परतला. आबा तेव्हा ओट्यावर बसून पेन्सिलीला टोक काढीत होते.